इवोनेचा वर्तमानकाळ

नागोया,
रविवार, १७ नोव्हेंबर २०१३

ती. लीलामावशीस,
सुचेताचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू चष्मा पुसून पुन्हा एकदा बघितलं असशील. सव्वादोन वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलेलं नाही. दिवाळीला फोन केला तो दोन मिनिटांचा, आणि सौमित्र हाक मारतोय असं सांगून ठेवला. सौमित्र तेव्हा शाळेत होता. तुला ते कळलं असणारच. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

आम्ही तिघंही ठीक आहोत. सौमित्र चौथीत आहे. मी मराठीत विचारते, तो जपानीत उत्तर देतो आणि अनुराग मध्येच इंग्रजीत काहीतरी म्हणतो, अशी आमची जेवणं होतात. कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा हे घरात फक्त सौमित्रला पाठ आहे. मी चुकीच्या दिवशी बाटल्या ठेवल्या की तो मला तशीच खाली पाठवून त्या परत आणायला लावतो. नंदूदादाचा गुडघा कसा आहे? जिना चढायला लागला का?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

गेले तीन रविवार मी इथल्या काही ब्राझिलियन लोकांना इंग्रजी शिकवतेय. नागोयात ब्राझिलियन कुठून आले, असं तू विचारशील. शंभर वर्षांपूर्वी जपानी शेतकरी ब्राझीलला कॉफीच्या मळ्यांवर गेले होते. त्यांची नातवंडं-पतवंडं आता उलटी इकडे येऊन कारखान्यांत कामं करतात. चेहरे जपानी, आडनावं जपानी आणि बोलणं पोर्तुगीज. शहराबाहेर सरकारी इमारतींची एक मोठी वसाहत आहे, तिला दांची म्हणतात, तिथे हे सगळे राहतात. तिथल्या तळमजल्यावर सभेची खोली आहे. दर रविवारी सकाळी दहाला आम्ही दहा जण तिथे बसतो, मी धरून.

वर्ग सुरू झाला तो इवोने कानाशिरो या बाईंमुळे. माझ्या ओळखीच्या आहेत. वय सेहेचाळीस, उंचीने माझ्या खांद्याइतक्या, आणि हात असे चालतात की बघत राहावं. मोटारीच्या आत वायरींचं जे जाळं असतं ते बांधायच्या कारखान्यात सतरा वर्षं आहेत. सतरा वर्षं, पण अजून कंत्राटावर. दर तीन महिन्यांनी नवा कागद येतो, आणि तो येईपर्यंत पुढच्या तीन महिन्यांचं काही खरं नसतं. आता त्या कारखान्यात फिलिपाइन्सहून कामगार शिकायला येणार आहेत. त्यांना शिकवायला एक कायमचं माणूस नेमायचंय. मुलाखत मार्चमध्ये, इंग्रजीत. इवोनेसारखा हात तिथे कुणाचाच नाही आणि तिला इंग्रजी येत नाही. अशी सगळी गोष्ट आहे.

शिकवायला बसले तेव्हा वाटलं होतं की वर्तमानकाळ म्हणजे काय, दोन रविवारांत होईल. पहिल्याच दिवशी बाहेर पाऊस होता. मी विचारलं, हवा कशी आहे? सगळे म्हणाले, 'इज रेनिंग.' त्यांच्या भाषेत 'इट' लागतच नाही, तर ते कुठून आणणार? वय विचारलं तर 'आय हॅव फॉर्टी-सिक्स इयर्स', म्हणजे वर्षं जणू पिशवीत घालून आणलीत. 'शी वर्क', 'ही टॉक' हे तर आहेच. पण खरी अडचण पुढेच आहे. किती वर्षं काम करतेस असं विचारलं तर इवोने म्हणते, 'आय वर्क हिअर सेव्हन्टीन इयर्स.' पोर्तुगीजमध्ये असंच म्हणतात. आणि आपण मराठीत म्हणतो 'मी सतरा वर्षं काम करतेय', म्हणून आपल्या तोंडून 'आय अ‍ॅम वर्किंग सिन्स सेव्हन्टीन इयर्स' येतं. दोघंही चुकतो, फक्त वेगवेगळ्या दारांनी. त्यांची चूक सुधारताना माझ्या तोंडून माझीच चूक जायला बघते, आणि मी अर्ध्या वाक्यावर थांबते.

तेव्हा मला तुझा आठवीचा वर्ग आठवला. तू कापडी पिशवीतून मटार आणायचीस. 'आय शेल पीज एव्हरी डे,' असं सांगून, 'नाउ आय अ‍ॅम शेलिंग पीज,' म्हणत आम्हा सगळ्या मुलींना सोलायला बसवायचीस. तास संपेपर्यंत तुझ्या घरची भाजी तयार. साधा आणि चालू वर्तमानकाळ मला त्या मटारांसकट आठवतो. पण तिसरा, 'हॅव'चा, तू कसा शिकवलास ते काही केल्या आठवत नाही. त्या आठवड्यात मला गोवर आला होता. नंतर मी तो पाठ्यपुस्तकातून पाठ केला आणि तो कायम कच्चाच राहिला.

त्या दिवशी तू काय केलं होतंस ते मला लिहून पाठवशील का? जमलं तर लवकर.

तुझी
सुचेता

*

नागोया,
रविवार, १९ जानेवारी २०१४

ती. मावशीस नमस्कार,

तुझं पाकीट नाताळच्या आदल्या दिवशी मिळालं. चार फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी, निळ्या शाईत, समासासकट. मी काय लिहिलं होतं, इतकी वर्षं का गप्प होते, एका शब्दाने विचारलं नाहीस. फक्त धडा. 'मटार सोलून झाल्यावर सालांचा ढीग टेबलावर तसाच ठेवायचा. मुलींना विचारायचं, हा ढीग आत्ता इथे आहे की नाही? आहे. मग हा वर्तमानकाळच. वुई हॅव शेल्ड द पीज. काम मागे झालं, पण त्याचा ढीग समोर आहे. ज्याचा ढीग समोर नाही, त्याला हॅव लावू नये.' मी ते उभ्या उभ्या, बूट न काढता वाचलं. मी बी.एड. केलं, नऊ वर्षं शिकवलं, आणि हे मला इतकं साधं कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, पण त्या दिवशी मी गोवराने घरी होते.

शेवटची ओळ तू वेगळी लिहिली आहेस. 'मटार मिळत नसेल तर त्यांच्या हातात रोज जे असतं ते घे.'

ती वाचून मी आता खोटं बोलू शकत नाही. त्यांच्या हातात रोज काय असतं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही, मावशी. माझ्या हातातही रोज तेच असतं. इवोने माझ्या ओळखीची आहे असं मी लिहिलं, ती ओळख शेजारच्या टेबलाची आहे. मी त्याच कारखान्यात तपासणीला बसते. वायरींची बांधून आलेली जाळी दिव्याखाली धरायची, टोकं मोजायची, टेप नीट बसली की नाही ते बोटाने बघायचं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्यांना आठवड्याला अठ्ठावीस तासांची परवानगी मिळते, तेवढे तास. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून. त्याआधी वर्षभर मी घरी बसून भिंती बघत होते.

मी इथे कॉलेजात शिकवते असं तुला सांगितलं होतं. तू ते तुझ्या सगळ्या मैत्रिणींना सांगितलं असशील. मी कधीच कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही. गंमत म्हणजे हे ब्राझिलियन लोक मला 'प्रोफेसोरा' म्हणतात. त्यांच्यात शाळेतल्या बाईंनाही तोच शब्द आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या कानशिलांना घाम आला.

वर्ग सुरू झाला तोही माझ्या इच्छेने नाही. नोकरीची नोटीस लागली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत इवोने माझ्यासमोर येऊन बसली. आम्ही एकमेकींशी जपानीत बोलतो, दोघींचंही मोडकं, म्हणून छान जमतं.

"तू भारतातली आहेस. तुला इंग्रजी येतं. मला शिकव."

"मी शिकवत नाही."

"आधी शिकवायचीस, तूच सांगितलं होतंस."

"सोडलं ते."

"मीही बऱ्याच गोष्टी सोडल्यात," ती म्हणाली. "रविवारी दहा वाजता खोलीची किल्ली माझ्याकडे असते."

गेले नसते तर सोमवारी तिच्या शेजारी बसता आलं नसतं, म्हणून गेले. तिने आणखी आठ जणांना बोलावून ठेवलं होतं.

तर आता धडा. गेल्या रविवारी मी कारखान्यातून टाकाऊ वायरी आणि टेप मागून घेतली. प्रत्येकासमोर एकेक जुडी. 'आय टेप वायर्स एव्हरी डे.' मग हात चालू, 'आय अ‍ॅम टेपिंग.' सगळ्यांचं झाल्यावर मी त्या बांधलेल्या जुड्या टेबलाच्या मधोमध ढीग करून ठेवल्या आणि तुझ्यासारखंच विचारलं, हे आत्ता इथे आहे की नाही? मग जेराल्दो, फोर्कलिफ्ट चालवतो, धिप्पाड माणूस, त्याने आपला जेवणाचा डबा उघडून सगळ्यांना दाखवला. रिकामा होता. तो म्हणाला, 'आय हॅव ईटन.' मी विचारलं, वर्गात कधी खाल्लंस? तो म्हणाला, 'यू आर टॉकिंग, आय अ‍ॅम ईटिंग.' मावशी, एका वाक्यात दोन चालू वर्तमानकाळ, आणि दोन्ही बरोबर. मी इतकी हसले की इवोनेने मला पाणी आणून दिलं.

त्यानंतर इवोनेने ढिगातली आपली जुडी उचलली, हातात फिरवली आणि हळूहळू म्हणाली, 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर सेव्हन्टीन इयर्स.' मी काही शिकवायच्या आधी. मी विचारलं, कसं सुचलं? ती म्हणाली, "सतरा वर्षांचा ढीग समोरच आहे. रोज नव्या गाड्या रस्त्यावरून जातात."

मार्चपर्यंत मी त्यांना फक्त वर्तमानकाळच शिकवणार आहे. भूतकाळ उघडला तर सगळ्याचीच खिचडी होईल.

एक प्रसंग मात्र तुला सांगायला हवा. आमचे लाइनवरचे प्रमुख कुराता-सान. भले आहेत, कमी बोलतात. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे. इवोने-सान हाताने दाखवतील, तुम्ही बोला. ती जागा तुमच्या नावावर करता येईल." म्हणजे कायमची नोकरी मला, आणि इवोने होती तिथेच, तीन महिन्यांच्या कागदावर, मला मदतनीस म्हणून. मी लगेच नाही म्हटलं असं तुला लिहावंसं वाटतं. पण मी दोन दिवस विचार केला. अनुरागलाही सांगितलं नाही. कायमची नोकरी असती तर तुला निदान अर्धं तरी खरं कळवता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी कुराता-सानना म्हटलं, "त्या स्वतः बोलतील."

"मार्चपर्यंत?"

"हो."

त्यांनी मान हलवली. आता सहा आठवडे उरलेत.

पुण्याची शाळा मी का सोडली तेही तुला खरं सांगितलेलं नाही. ते आज लिहवत नाही.

तुझी
सुचेता

*

नागोया,
रविवार, ९ मार्च २०१४

ती. मावशीस,

इवोनेला नोकरी मिळाली. आधी हे वाच, मग बाकीचं.

मुलाखत गुरुवारी झाली. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तिघं बसले होते: मुख्य कचेरीतून आलेले एक साहेब, फिलिपाइन्सच्या कारखान्यातल्या रोझारियो नावाच्या बाई, आणि कुराता-सान, ज्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. लागलीच तर मदत म्हणून मला भिंतीशी खुर्ची दिली होती. विचारल्याशिवाय बोलायचं नाही अशी ताकीद होती. इवोने आत आली ती कारखान्याच्याच निळ्या कपड्यांत, केस घट्ट बांधून, हातात काही नाही.

पहिली पाच मिनिटं छान गेली. साहेबांनी सावकाश विचारलं, ती सावकाश बोलली. सतरा वर्षांचं वाक्य तिने 'हॅव'सकट म्हटलं आणि मला वाटलं, झालं, सुटलो. मग रोझारियोबाईंनी विचारलं, शिकणारीने चूक केली तर तुम्ही काय करता? हा प्रश्न आम्ही कधी घेतला नव्हता. इवोने म्हणाली, 'आय डोन्ट शाउट. आय सिट नेक्स्ट टू हर. आय डू इट स्लोली. शी वॉच.' थांबली. वर बघितलं. 'शी वॉचेस. देन शी डझ इट, अँड आय वॉच.' त्या 'वॉचेस'साठी मी चार महिने घसा कोरडा केला होता. रोझारियोबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

आणि मग साहेबांनी फाइलचं पान उलटून त्यावर बोट ठेवलं. सतरा वर्षं म्हणता, पण दोन हजार अकरामध्ये इथे साडेतीन महिने तुमचं नाव नाही. का?

तुला माहीत नसेल, भूकंप झाला तिकडे उत्तरेला, पण त्याने इथले कारखाने बंद पाडले. तिकडून सुटे भाग येणं थांबलं आणि लाइन उभी राहिली. कंत्राटावरच्या लोकांना नवा कागद मिळालाच नाही. इवोनेला हे सगळं सांगायचं होतं, आणि सांगायला लागणारा भूतकाळ मी तिला शिकवलाच नव्हता. मीच ठरवलं होतं तसं. मी खुर्चीत पुढे सरकले. साहेबांनीही माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता तुम्ही सांगा.

इवोनेने माझ्याकडे न बघता हात वर केला. मला थांबवायला.

मग ती जे बोलली ते मी तसंच्या तसं लिहिते, कारण मला ते पाठ झालंय. 'इट इज ट्वेन्टी इलेव्हन. देअर आर नो पार्ट्स. द लाइन इज नॉट मूव्हिंग. आय हॅव नो काँट्रॅक्ट. एव्हरी मंडे आय कम टू द गेट. आय आस्क कुराता-सान, इज देअर वर्क? ही सेज, नो. आय गो होम. नेक्स्ट मंडे, आय कम.'

तिने बोटं उघडून मोजल्यासारखं केलं.

'फिफ्टीन मंडेज. देन ही सेज, येस. द पार्ट्स आर कमिंग. अँड आय अ‍ॅम हिअर.'

सगळं वर्तमानकाळात, मावशी. तिच्याजवळ जेवढं होतं तेवढ्यातच तिने तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली, आणि ती अशी सांगितली की मला ते बंद फाटक डोळ्यांसमोर दिसलं. एकही चूक नाही. मी तिला भूतकाळ शिकवला असता तर ती त्यात अडखळली असती आणि साहेबांना फक्त एक तारीख कळली असती. कुराता-सानना शब्द कळत नव्हते, पण आपलं नाव आणि 'मंडे' एवढं कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. पंधरा सोमवार नाही म्हणणारे तेच होते.

रोझारियोबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, तुम्हाला इंग्रजी कुणी शिकवलं?

आणि इवोने वळून, भिंतीकडे हात करून, मोठ्यांदा म्हणाली, 'माय टीचर इज सिटिंग हिअर. शी वर्क्स इन इन्स्पेक्शन. शी टीचेस व्हेरी वेल.'

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून, वाकून नमस्कार केला आणि बाहेर जाऊन जिन्यात रडले. लोकांना वाटलं आनंदाने. आनंद होताच. पण रडू त्याचं नव्हतं.

मावशी, आता लिहिते.

अनुरागचं पोस्टिंग आलं म्हणून मी पुण्याची नोकरी सोडली असं तुला सांगितलं होतं. नोकरी आधी गेली, पोस्टिंग पाच महिन्यांनी आलं. त्या इंग्रजी शाळेत तीन पालक तक्रार घेऊन आले होते. एका आईने मुलीच्या वहीतून माझी वाक्यं कागदावर उतरवून आणली होती. 'आय अ‍ॅम हॅव्हिंग', 'आय अ‍ॅम टीचिंग सिन्स नाइन इयर्स', अशी. मुख्याध्यापिका कल्पनाबाई, ज्यांच्याकडे तू माझ्यासाठी शब्द टाकला होतास, त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही इंग्रजी शिकलात कुणाकडे?

मी सांगू शकले असते की कराडला, माझ्या मावशीकडे, आणि जे बरोबर येतं ते तिच्यामुळे येतं. तुझी वाक्यं कधीच चुकीची नव्हती. चुका माझ्या होत्या, नंतरच्या, आळसाच्या. पण मला त्या खोलीतून कसंही करून वाचायचं होतं. मी म्हटलं, "आमच्या बाई मटार सोलून शिकवायच्या हो." ते हसले. त्यांना हसलेलं बघून मला धीर आला आणि मी तुझी नक्कल केली. तुझा आवाज, तुझं पिशवीतून मटार काढणं, तुझं 'व्हेजिटेबल' म्हणणं. पालक पोट धरून हसले. कल्पनाबाईही हसल्या. आणि त्यांच्याबरोबर मीही हसले.

नोकरी तरीही गेली. महिनाअखेरीस त्यांनी राजीनामा मागितला.

त्यानंतर तुझा आवाज फोनवर ऐकला की मला माझ्या तोंडातली ती नक्कल ऐकू यायची. म्हणून दोन मिनिटांत फोन ठेवायची. कल्पनाबाईंनी तुला सांगितलं की नाही मला माहीत नाही. सांगितलं असेल तर तू ते चार कागद समास आखून मला कसे पाठवलेस, ते मला कळत नाही. सांगितलं नसेल तर आता मीच सांगितलंय. क्षमा माग म्हणून कुणी सांगितलेलं नाही, तरी मागते. इवोनेने एका वाक्यात जे केलं ते मला अडीच वर्षांपूर्वी, चांगल्या साडीत, मातृभाषेत करता आलं नाही.

पत्र इथेच संपवलं तर तुला वाटेल मी रडतेच आहे. तसं नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कुराता-सान स्वतः खाली आले, हातात कागद. इवोनेने तो दोनदा वाचला आणि मला दाखवला. 'कंत्राट संपण्याची तारीख' असा रकाना असतो, त्यात काहीच नव्हतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा तो रकाना रिकामा. तिने कागद टेबलावर ठेवला आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसली. मग जेराल्दोने तिला खुर्चीसकट उचललं. एरवी जेवणाच्या खोलीत चमच्याचा आवाज ऐकू येतो, त्या दिवशी जपानी बायकाही टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. कुराता-सान इवोनेसमोर वाकले, कमरेतून, पूर्ण. का, ते त्या दोघांना माहीत आणि आता मला.

मग ते माझ्याकडे वळले. कारखान्याला आता आठवड्यातले दोन दिवस इंग्रजीचा वर्ग हवा आहे, कामाच्या वेळात, जपानी प्रमुखांसाठीसुद्धा. मी घेईन का? मी या वेळी दोन दिवस विचार केला नाही. तिथेच हो म्हटलं. संध्याकाळी अनुराग आणि सौमित्रला सांगितलं. कारखान्याचं अनुरागला माहीत होतं, पण पुण्याच्या खोलीतलं त्यालाही पहिल्यांदाच सांगितलं. तो म्हणाला, "मावशींना लिही." सौमित्र चक्क मराठीत म्हणाला, "आई, तू खरीच टीचर आहेस?" मी म्हटलं, हो.

आज सकाळी दांचीच्या खोलीत एकवीस जण आले होते. खुर्च्या पुरल्या नाहीत, मागची रांग चपला काढून जमिनीवर बसली. इवोनेने घरून चीजचे छोटे गरम पाव करून आणले होते. ते संपेपर्यंत मला फळ्याकडे कुणी जाऊ दिलं नाही. मग मी त्यांना सांगितलं की हा धडा माझा नाही. कराड नावाच्या गावातल्या लीलावती मावशी चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांनी तो मटारांवर शिकवला आणि मी तो तुम्हाला वायरींवर शिकवला. त्यांनी तुझं नाव उच्चारून बघितलं. 'लीला' त्यांना सोपं जातं, पुढचं जरा अवघड.

त्यांना तुझ्याशी बोलायचंय. पुढच्या रविवारी आमच्या दहाला मी फोन टेबलावर मधोमध ठेवून तुला लावणार आहे. तुझ्याकडे साडेसहा वाजलेले असतील, तू तेव्हा उठलेली असतेस. तू रागावली असशील तर उचलू नकोस, मी त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा लावीन, आणि त्याच्याही पुढच्या. पण उचललास तर आधी माझ्याशी बोलू नकोस. आधी त्यांना प्रश्न विचार, जसे आम्हाला विचारायचीस, नाव घेऊन, उभं करून. ते उत्तरं देतील, मावशी. बरोबर देतील. ती ऐक, आणि मग मला काय बोलायचं ते बोल.

तुझ्याकडे शिकलेली, आणि आता हे कुणापुढेही सांगणारी,
सुचेता